तुमच्या नावावर आणखी काही?

सुलेखाने गाडी मुद्दाम दोन गल्ल्या अलीकडेच लावली. फ्रँक्टनमधल्या त्या कम्युनिटी हाउसच्या समोरच दूध-ब्रेड विकणारी एक डेअरी होती, आणि ती चालवणाऱ्या गुजराती कुटुंबातली सून दर महिन्याला सासऱ्यांची औषधं न्यायला हॉस्पिटलच्या फार्मसीत यायची. तिने काचेतून पाहिलं असतं, हात केला असता, आणि मग विचारलं असतं, "मॅडम, तुम्ही इकडे कुठे?"  जूनमधलं, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्यातलं, हॅमिल्टनचं धुकं अकरा वाजले तरी विरलं नव्हतं. त्याच्या आडोशाने ती झपाझप चालत गेली आणि दार लोटून आत शिरली.

दिवाळखोरीच्या अर्जाची चौकशी करायला तिने सरकारी कार्यालयात फोन केला होता, तेव्हा पलीकडची बाई म्हणाली होती, "अर्ज नंतर भरा. आधी एखाद्या बजेट अ‍ॅडव्हायझरला भेटा. फुकट असतं. दुसरा काही मार्ग उरलाय का, ते त्या बघतील." सुलेखा सत्तेचाळीस वर्षांची होती. बारा वर्षं ती त्या हॉस्पिटलात फार्मसिस्ट होती. पगार कसा वापरावा हे आता कोणीतरी आपल्याला शिकवणार, या कल्पनेनेच तिचे कान तापले होते.

खोलीत सकाळी लहान मुलांचा प्लेग्रुप भरत असावा. एका कोपऱ्यात प्लास्टिकची घसरगुंडी भिंतीला टेकवून ठेवली होती. टेबलामागे बसलेली बाई साठीची, भरदार अंगाची होती. चष्मा दोरीने गळ्यात लोंबत होता.

"किया ओरा. मी हेनी पाराता," ती माओरी पद्धतीने नमस्कार करत म्हणाली. "हीटरजवळ बस. चहा घेशील? साखर?"

"नको, थँक यू."

"घे गं. इथे येणारे सगळे आधी नकोच म्हणतात."

चहा आला. हेनी शिकवायला वगैरे काही लागली नाही. तिने नुसतं विचारलं, "काय झालं, सांग." आणि सुलेखाला कळेना, सुरुवात कुठून करावी.

सुरुवात खरं तर नाशिकरोडच्या दोन खोल्यांतून करायला हवी होती. वडील प्रेसमध्ये होते. ते अचानक गेले तेव्हा सुलेखा नववीत होती आणि बाळदादा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. दादाने कॉलेज सोडलं आणि सातपूरच्या एका कारखान्यात फिटरच्या हाताखाली उभा राहिला. सुलेखाच्या बी.फार्मची फी त्याने भरली. तिच्या प्रॅक्टिकलच्या पांढऱ्या कोटाला इस्त्रीसुद्धा तोच करायचा, कारण आईला ती नीट जमत नसे. पुढे सुलेखा न्यूझीलंडला आली, परीक्षा देऊन इथली फार्मसिस्ट झाली, एकटीच राहिली, हॅमिल्टनमध्ये तिने घर घेतलं. आणि तिकडे दादाचा कारखाना बंद पडला. आई फोनवर रोज एकच धोशा लावायची, "सुलू, त्याला तिकडे ने. त्याने तुझ्यासाठी काय नाही केलं?"

तेव्हा भावाबहिणींना बोलावून घेता येत होतं. सुलेखाने दादाला आणि कांचनवहिनीला आणलं. दादा तीन वर्षं एका गोदामात राबला. मग त्याने डोक्यात घेतलं, की आपण खाण्याचं दुकान काढायचं. हॅमिल्टनच्या कडेला 'ते रापा' नावाच्या भागात, दुधाच्या कारखान्याच्या अलीकडे, हायवेवर त्याने जागा शोधली. मिसळ, बटाटेवडे, दुपारचे डबे. हायवेवरून ट्रक धडधडत जायचे, कारखान्यातली आपली पोरं जेवायला यायची. पहिलं वर्ष बरं गेलं. जागेच्या भाडेकराराला आणि बँकेच्या कर्जाला जामीन म्हणून सुलेखाची सही होती. कर्जाला तिचं घर तारण होतं.

"बायपास होणार हे माहीत नव्हतं?" हेनीने विचारलं.

"सगळ्यांना माहीत होतं. दादा म्हणायचा, ट्रकवाल्याला भूक लागली की तो बायपास सोडून येतो."

"आणि?"

"कोणी आलं नाही."

बायपास सुरू झाला आणि जुन्या रस्त्यावरची रहदारी आटली. दादाने मिसळीचे भाव उतरवले, मग माणूस कमी केला, मग स्वतःच भांडी घासू लागला. पण भाडेकरार सहा वर्षांचा होता. शेवटी त्याने कुलूप लावलं आणि स्वतःची दिवाळखोरी जाहीर करून घेतली. ती नोंद सरकारी वेबसाइटवर असते, नाव टाकलं की कोणालाही दिसते. महाराष्ट्र मंडळातल्या कोणीतरी ती पाहिली आणि पंधरवड्यात गावभर झाली. दादा सुटला, म्हणजे देणेकऱ्यांच्या तावडीतून सुटला, आणि ते सगळे जामीनदाराकडे वळले. बँकेने सुलेखाचं घर विकलं. तरीही जागामालकाचं बरंच राहिलं. घर रिकामं करायच्या दिवशी दादा टेम्पो घेऊन मदतीला आला, तेव्हा सुलेखाने दार उघडलं नाही. त्या गोष्टीला वर्ष होत आलं होतं. तेव्हापासून बोलणं बंद.

हेनीने मध्येच काही लिहिलं नाही. सगळं ऐकून झाल्यावर तिने चष्मा डोळ्यांवर चढवला.

"तू सही का केलीस, हे मी विचारत नाही. फानाऊ. कुटुंब. माझ्या मुलीच्या गाडीचे हप्ते मी सात वर्षं भरलेत. पण तुझ्या आकड्यांना दुसरी कुठली योजना लागू होत नाही, रक्कम मोठी आहे. दिवाळखोरीच राहिली. तीन वर्षं. नोकरी बहुतेक जाणार नाही. पण असाइनीला, म्हणजे तुझ्या मालमत्तेचा ताबा घेणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याला विचारल्याशिवाय देशाबाहेर जाता येणार नाही. आता तुझ्या खर्चाचं बघू. हे दर महिन्याला भारतात काय जातं?"

"आईला पाठवते."

"ती भाड्याच्या घरात राहते?"

"नाही."

"मग घर कोणाचं?"

"तिचं," सुलेखा घाईघाईने म्हणाली आणि तिने चहाचा कप उचलला.

हेनीने मान डोलावली आणि पुढचा प्रश्न वाचला, "घर, जमीन, खातं, सोनं. इथे किंवा जगात कुठेही. तुमच्या नावावर आणखी काही?"

"नाही."

शब्द इतका सहज निघून गेला, की सुलेखालाच तो दुसऱ्या कोणाचा वाटला.

हेनीने त्या ओळीपुढची जागा कोरीच ठेवली. "बरं. पुढच्या आठवड्यात ये, तेव्हा अर्ज पुरा करू. तोवर आठवून बघ. पहिल्या दिवशी कोणालाच सगळं आठवत नाही."

नाशिकला गंगापूर रोडला दोन खोल्या आणि स्वयंपाकघर असा एक फ्लॅट होता. दुसरा मजला, लिफ्ट, मागे पेरूचं झाड. सुलेखाने तो आईसाठी घेतला होता, पहिल्या पाच-सहा वर्षांची शिल्लक ओतून. एजंट म्हणाला होता, "मॅडम, दोघींच्या नावावर करा, पुढे तुम्हालाच सोपं जाईल." म्हणून दोघींच्या नावावर. आई त्र्याऐंशीची होती. खालच्या मजल्यावरच्या मृणालिनीबाईंबरोबर ती रोज संध्याकाळी बाकावर बसायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "माझ्या लेकीने घेऊन दिलंय."

आईला यातलं काहीच माहीत नव्हतं. सुलेखा भाड्याच्या युनिटमध्ये राहायला आली तेव्हा तिने जुन्या घराचा निळा पडदा सोबत आणला आणि भिंतीवर खिळे ठोकून लावला. स्काइपवर बोलताना ती त्याच्यापुढे खुर्ची ओढून बसायची. आईला तेच घर दिसायचं.

त्या आठवड्यात तिला झोप अशी लागलीच नाही. हॉस्पिटलात एका पेशंटचा डोस तपासताना तिने एकच ओळ चार वेळा वाचली आणि शेवटी शेजारच्या मुलीला म्हणाली, "तू बघ, माझं आज लक्ष नाही." कोणाला कळणार होतं नाशिकचं? कोण जाणार होतं तलाठ्याकडे? असा विचार केला की बरं वाटायचं. मग वाटायचं, तीन वर्षं दर फोनला दचकायचं का? अन् पकडलं गेलं तर? या देशात अशा खोटेपणाला शिक्षा होती, आणि औषधांच्या कपाटाची किल्ली तिच्या गळ्यात होती ती लोकांचा तिच्यावर विश्वास होता म्हणून.

दादाला याच प्रश्नातून जावं लागलं होतं. त्याने काय सांगितलं असेल? विचारायचं तर बोलावं लागणार होतं. शनिवारी ती गाडी घेऊन निघाली.

दादा-वहिनी हॅमिल्टन सोडून टौरंगाला गेले होते. तिथे त्यांना ओळखणारं कोणी नव्हतं. कायमायचा घाट पावसात धुऊन निघत होता, वायपर कितीही जोरात फिरवले तरी समोरचा ट्रक नुसता लाल दिव्यांपुरता दिसत होता. दोनदा तिला वाटलं, परत फिरावं. पण त्या घाटात गाडी वळवायला जागा नाही.

दार कांचनवहिनीने उघडलं. ती बाजूला झाली आणि आतल्या दिशेने म्हणाली, "अहो, सुलूताई आल्यात."

दादा बाहेर आला. तो किवीफळांच्या पॅकहाउसमध्ये काम करत होता. फळांची बारीक लव कातडीत शिरून त्याच्या मनगटांवर लाल चट्टे उठले होते. त्रेपन्न वर्षांचा माणूस सत्तरीचा दिसत होता. त्याने सुलेखाकडे पाहिलं आणि पहिलंच वाक्य बोलला, "जेवलीस का?"

"जेवले."

"खोटं बोलतेस. कांचन, भात टाक."

भात शिजेपर्यंत कोणी मुद्द्याचं बोललं नाही. ताटावर बसल्यावर सुलेखाने सांगितलं, की ती अर्ज करणार आहे. दादाचा घास हातातच राहिला.

"माझ्यामुळे."

"ते राहू दे आता, दादा. नाशिकच्या फ्लॅटवर माझं नाव आहे. त्यांनी विचारलं, मी नाही म्हणाले."

"बरोबर केलंस."

"बरोबर?"

"सुलू, ऐक माझं." दादाने ताट बाजूला सारलं. "तुझं घर गेलं ते माझ्यापायी. आता मी आयुष्यभर मान वर करणार नाही. पण आईच्या डोक्यावरचं छप्पर माझ्यापायी गेलं तर मी जगू कसा? नाही सांगायचं. कोण जातंय नाशिकला बघायला? तुझ्या पाया पडतो."

तो खरोखरच खुर्चीवरून वाकायला लागला, तशी सुलेखा ओरडली, "दादा!"

मग वहिनी बोलली. ती इतका वेळ ओट्याशी पाठ करून उभी होती.

"माझ्या पाटल्यांचं सांगा त्यांना."

"कांचन, गप्प बस."

"का गप्प? सांगतेच मी." वहिनी वळली. "सुलूताई, ह्यांनी अर्ज भरला तेव्हा मला म्हणाले, तुझ्या पाटल्या दाखवू नकोस, जातील. माझ्या आईने लग्नात घातलेल्या. मी त्या हॅमिल्टनला सुचित्राकडे ठेवायला दिल्या. माझी चांगली मैत्रीण. भिशीला बरोबर असायचो. सहा महिन्यांनी मागायला गेले, तर ती म्हणते, कसल्या पाटल्या? दारात उभं राहून म्हणते, कसल्या पाटल्या! मी कोणाकडे तक्रार करू? पोलिसांकडे? काय सांगू, लपवल्या होत्या म्हणून? वर ह्यांनी नंतर असाइनीकडे विचारलं, तेव्हा कळलं, माझ्या मालकीच्या वस्तूंना हात लावणारच नव्हते ते. नीट विचारलं असतं तर आज हातात असत्या."

दादा खाली मान घालून बसला होता.

"लपवलेलं आपलं राहत नाही," वहिनी म्हणाली. "एवढंच मला कळलंय. बाकी तुम्ही दोघं बहीणभाऊ शहाणे आहात."

 सुलेखाला वहिनीच्या मनगटांकडे बघवेना. पाटल्यांच्या जागी हिरव्या काचेच्या चार बांगड्या होत्या, त्यातली एक चिरलेली.

"आईला आधी सांगायला पाहिजे," सुलेखा शेवटी म्हणाली. "असाइनीच्या पत्रावरून तिला कळायला नको."

"आत्ता?"

"आत्ता तिथे सकाळ आहे. मृणालिनीबाईंचा मुलगा तिला लॅपटॉप लावून देतो. तू बस माझ्याजवळ. एकटीने नाही सांगता येणार मला."

आईचा चेहरा पडद्यावर आला तो आधी नुसता कपाळापर्यंत, मग कोणीतरी स्क्रीन खाली केली. आईने डोळे बारीक करून पाहिलं आणि तिचा चेहरा फुलला.

"अगंबाई! दोघं एकत्र! बाळ, तू सुलूकडे आलायस? मृणालिनी, इकडे ये, बघ माझी दोन्ही पोरं."

त्यानंतर सांगणं म्हणजे जिवंत माणसाच्या पायाखालची सतरंजी ओढणं होतं. सुलेखाने सांगितलं. दादाचं दुकान बुडालं, जामिनाची सही तिची होती, घर विकलं गेलं, वर्ष झालं. आता दिवाळखोरीचा अर्ज. आणि फ्लॅटवर तिचं नाव. अर्धा हिस्सा कदाचित विकावा लागेल, आणि अर्धा फ्लॅट कोणी घेत नाही.

आईला पहिल्यांदा कळलंच नाही. तिने दोनदा विचारलं, "कोणाचं दिवाळं?" मग कळलं. पदर तोंडाशी न नेता, एक अश्रू न ढाळता ती सुलेखाकडे बघत राहिली.

"वर्षभर मला पडदा दाखवत होतीस?"

"आई, तुला त्रास नको म्हणून..."

"आणि आता नाही होत त्रास? मी या वयात कुठे जाऊ?"

"आई, चूक माझी आहे," दादा मध्ये पडला. "सुलूचा काही..."

"तू थांब. तू धंदा केलास, बुडाला. माणसांचे बुडतात. तुझे वडील असते तर हे दिवस आले नसते तुझ्यावर." आईची नजर सुलेखावरून हलली नाही. "हिला विचारतेय मी. कागद तुझे, नोकरी तुझी, शिकलेली तू. तुला नाही म्हणता आलं नाही तेव्हा? आणि आता तिथल्या साहेबाला खरं सांगायचंय म्हणून मला रस्त्यावर काढतेस?"

"तूच म्हणाली होतीस ना, आई," सुलेखाच्या तोंडून निघून गेलं. "त्याला ने, त्याच्या पाठीशी उभी राहा, तूच."

आई पडद्याबाहेर बघून म्हणाली, "बंद कर रे हे." आणि चित्र गेलं.

पुढच्या आठवड्यात सुलेखाने गाडी कम्युनिटी हाउसच्या दारातच लावली. धैर्य आलं होतं असं नाही. लपायला लागणारी ताकद उरली नव्हती, इतकंच. तिने बसल्या बसल्या हेनीला सांगितलं, "भारतात एक फ्लॅट आहे. अर्धा माझा."

हेनीने हातातलं पेन खाली ठेवलं.

"तुझी आई राहते तो."

"तुम्हाला माहीत होतं?"

"तू ज्या तऱ्हेने 'तिचं' म्हणालीस, त्यावरून वाटलं. मी विचारू शकत होते. पण ते तू सांगायला हवं होतंस." तिने पेन पुन्हा उचललं. "यातून काहीतरी चांगलं निघेल, असं मी तुला सांगणार नाही. आईचं वय, तब्येत, सगळं आपण लिहू. वेळ मागू. ते राक्षस नसतात. पण हिस्सा तुझा आहे, तो ते सोडतीलच असं नाही."

दोघींनी मिळून पत्र लिहिलं. हेनीने एकेक वाक्य दोनदा वाचून दाखवलं. निघताना तिने सुलेखाचा हात हातात घेतला. ते सुलेखाला बरं वाटलं.

असाइनीने वेळ दिला, पण हिस्सा सोडला नाही. आईने स्वतःच शेवटी मृणालिनीबाईंच्या मुलामार्फत निरोप दिला, अर्ध्या घरात मला राहायचं नाही, विकून टाका. सुलेखाने ऑकलंडला जाऊन विक्रीसाठी मुखत्यारपत्र केलं. आईच्या वाट्याच्या पैशांत त्र्यंबक रोडला एका वृद्धाश्रमात दोघींच्या खोलीत जागा मिळाली. सामान हलवायच्या वेळी तिथे दोन्ही मुलांपैकी कोणी नव्हतं. परवानगी मागता आली असती, पण तिकिटाचे पैसे दोघांकडेही नव्हते. मृणालिनीबाईंनी फोटो पाठवले. टेम्पोत आईचं लोखंडी कपाट आडवं ठेवलं होतं आणि आई बाजूला खुर्चीवर बसून दुसरीकडेच बघत होती.

सुलेखाचा पगार चालू राहिला, त्यातून थोडं दरमहा असाइनीकडे जाऊ लागलं. हॉस्पिटलात ज्यांना कळायचं त्यांना कळलं. डेअरीवाल्यांची सून औषधं न्यायला आली, तेव्हा नेहमीपेक्षा जरा जास्तच गोड बोलली.

आईने तिचा फोन घेणं बंद केलं. वृद्धाश्रमातली बाई रिसीव्हर बाजूला ठेवायची, चपलांचा आवाज लांब जायचा, परत यायचा, आणि बाई म्हणायची, "आजी झोपल्यात." सकाळी दहालाही त्या झोपलेल्याच असायच्या. दादाचा फोन मात्र आई घ्यायची. त्याच्याशी भरभरून बोलायची.

दादाने दोन-तीनदा सांगून पाहिलं, "आई, सुलूशी बोल ना." आई विषय बदलायची. शेवटी त्यानेच एका रविवारी सुलेखाला सुचवलं, "तू इकडे येत जा. मी स्पीकरवर ठेवतो."

तेव्हापासून रविवारी सुलेखा घाट ओलांडून टौरंगाला जाते. दादा फोन टेबलावर ठेवतो आणि ती समोरच्या खुर्चीवर श्वास रोखून बसते. आई सांगते, की इथल्या वरणात हिंग नसतो, शेजारच्या पलंगावरची राणेबाई रात्री बडबडते, गुडघ्याला लावायच्या त्या हिरव्या तेलाचं नाव काय होतं, आठवतंय का तुला. दादा तोंडाने "हो, हो" म्हणतो. तेलाचं नाव सुलेखा पुठ्ठ्याच्या तुकड्यावर लिहून त्याच्यापुढे सरकवते, आणि तो ते जणू स्वतःला आठवल्यासारखं आईला वाचून दाखवतो. आई म्हणते, "बरं झालं, तुला आठवलं."

फोन ठेवल्यावर वहिनी चहा टाकते. सुलेखा तो उभ्याउभ्याच पिते, कारण अंधार पडायच्या आत तिला घाट उतरायचा असतो.